कॅस्ट्रीजच्या मंडळाचे पोलीस

मंगळवार, ५ ऑगस्ट

आधी आलं शेजारच्या फिलोमेनचं कुत्रं, पण ते काय, कुणाच्याही आधी येतंच. त्याच्यामागून टोपीवाली बाई आली आणि बाईच्या मागून एक उंच गडी, चांगला वाकून आला तरी चौकटीला डोकं आपटलंच त्याचं. मी परसात नीरफणस भाजत होते. धुरातून आधी टोप्या दिसल्या, मग पट्टे दिसले, आणि मी हसायलाच लागले. म्हटलं, आले बाई, यंदा लवकरच आले!

आमच्या गुलाबमंडळाचा सण महिनाअखेरीस. तोवर दर शनिवारी बैठक, गाणी, नाच. राजा, राणी, न्यायाधीश, नर्सबाया, पोलीस, सगळे आमच्यातलेच सजून बसतात. फूल न लावता बैठकीला आलात की मंडळाचे पोलीस धरतात, न्यायाधीश दंड करतो आणि दंडाची रम सगळे मिळून पितात. मागच्या साली मला जांभळ्या रुमालापायी धरलं होतं. जांभळा रंग मार्गेरीत फुलाच्या मंडळाचा, म्हणजे शत्रूचा. रुमाल होता आमच्या मालकांचा. ते बिचारे गेले तेव्हा त्यांच्या खिशातून काय काय निघालं ते पुन्हा कधीतरी लिहीन.

तर टोपीवाली म्हणाली, "तुम्ही जस्टिना पोलियस का?"

"जस्टिना मला फक्त पाद्री म्हणतात, तेही रागावले की. तू मा तितीन म्हण. बस गं. कुठल्या मंडळाचे तुम्ही?"

"आम्ही कॅस्ट्रीजहून आलोय."

"तरीच! राजधानीची शिवण बघा काय सुरेख आहे. आमच्या पोलिसांच्या बाह्या कोपरापर्यंतच येतात." मी तिची बाही चाचपून पाहिली. उंच गडी खोकला.

"फोनवर 'मा तितीनची गाणी' हे पान आहे, ते तुमचं?"

"माझंच की!" मी म्हटलं. म्हणजे कीर्ती कॅस्ट्रीजपर्यंत पोचली! फिलोमेनची मुलगी तर न्यूयॉर्कात माझं गाणं ऐकून खुर्चीवरून पडली म्हणे.

"नदीचं गाणं तुम्हीच म्हटलंय?"

मी तिथल्या तिथे म्हणून दाखवलं, हातातल्या चिमट्यानं ताल धरून:

बाई गेली नदीवर, धुणं नाही डोक्यावर,
झगा वाळतो झाडावर, साबण कुणाच्या गाडीवर?

नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. पण ऐकणाऱ्याला कळतं की बाई म्हणजे शाळेत शिकवणारी लिंडी, युडोक्सीची मुलगी, आणि गाडी म्हणजे केर्विनची. युडोक्सी मार्गेरीत मंडळाची मुख्य गायिका, मी गुलाबाची. चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना गाण्यात सोलतोय. लिंडीनंच मला मोठ्यांच्या वर्गात लिहायला शिकवलं, ही वही लिहिते ती तिच्याच कृपेनं, पण गाणं ते गाणं. नदीची बातमी शर्नेलनं आणली. शर्नेल म्हणजे माझी नात. केर्विन आधी तिच्याकडे यायचा, जेवायचा, माझ्या हातचा खारा मासा फार आवडायचा मेल्याला. ईस्टरपासून यायचा बंद झाला.

"फोनवर कुणी चढवलं?"

"शर्नेलनं! तिची बोटं बघायला हवीत तुम्ही, कोळ्यानं जाळं विणावं तशी चालतात. पान तिनंच काढलं, गाणं तिनंच भरलं, चित्रही तिनंच केलं."

"चित्र तुम्ही पाहिलंत?"

आता चष्मा मी लोकांत लावत नाही, एक दांडी दोऱ्यानं बांधलीय. "पाहिलं की, निळी निळी नदी आहे," मी म्हटलं.

बाईनं सगळं लिहून घेतलं. मी विचारलं, "मग दंड किती? एक बाटली की दोन?" उंच गडी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बाई मात्र पक्की नटी, ओठसुद्धा हलला नाही तिचा. "आजी, गाणं म्हणणं हा गुन्हा नाही. मशीनवर खोटं चित्र करून कुणाची बेअब्रू करणं हा गुन्हा आहे. त्याला दंड आहे आणि तुरुंगही आहे. किती, ते न्यायाधीश ठरवतील."

"दाराआडची खुर्ची," मी म्हटलं. आमचा तुरुंग तोच.

माझा फोन त्यांनी एका स्वच्छ पिशवीत घातला, वर चिठ्ठी चिकटवली. किती बारकाईनं करतात सगळं! मी दोघांना नीरफणस दिला, बाईनं नको म्हटलं, गड्यानं खाल्ला. जाताना म्हणाले, "एकवीसला, गुरुवारी, परत येऊ. नातीला घरी थांबायला सांगा."

"या, या. रम आणून ठेवते."

कधी नव्हे इतका छान दिवस गेला.

बुधवार, ६ ऑगस्ट

सकाळी अँसेल्म न्हावी आला. आमच्या मंडळाचा पोलीस इन्स्पेक्टर तोच. मी म्हटलं, "बघ, कॅस्ट्रीजवाले तुझ्या आधी येऊन गेले. तू कुठे झोपला होतास?"

"माझा कोट अजून शिंप्याकडे आहे," तो म्हणाला. "आणि कॅस्ट्रीजचं कुणी येणार असतं तर आधी राजाला निरोप नसता आला? मा तितीन, कसली गाडी होती त्यांची?"

गाडी कुठली मी बघितली! फिलोमेननं बघितली होती. कुंपणावरून तिनं सांगितलं, निळा दिवा होता टपावर.

अँसेल्म खाली बसला. फिलोमेनही बोलायची थांबली, म्हणजे समजा.

शर्नेल संध्याकाळी हॉटेलातल्या कामावरून आली. मी सगळं सांगितलं, हसत सांगायला घेतलं पण हसू जागीच राहिलं. ती भिंतीला टेकली. "आजी, तू माझं नाव सांगितलंस?"

सांगितलं. चिमट्यानं ताल धरून सांगितलं. तुझ्या बोटांचं कौतुकही केलं गं.

लाज वाटते. माझ्या पोटच्या पोरीची पोर, आई परदेशी गेल्यापासून मी वाढवलेली, आणि मी तिला नीरफणसाच्या फोडीबरोबर पोलिसांच्या हातात दिली.

शनिवार, ९ ऑगस्ट

बैठकीला गेले नाही, गुडघा दुखतो म्हटलं.

शर्नेल माझ्याकडून पाठ करून घेते. "म्हण, सगळं मीच केलं. तुझ्या वयाच्या बाईला तुरुंगात घालत नाहीत, आजी. मला घातलं तर नोकरी गेली, सगळंच गेलं. आणि पान तुझ्याच नावावर आहे, फोनही तुझा."

"सगळं मीच केलं," मी म्हणते.

"मग ते विचारतील, कसं केलं?"

"बोटानं."

"आजी! आधी काय दाबलंस?"

"लाल."

"लाल काही नाहीच तिथे!" कोकोचा चहा तिच्या नाकात गेला, आम्ही दोघी हसलो, मग ती एकदम रडकुंडीला आली. माझी शिकवणी काही केल्या पुढे सरकेना. फोन बंद झाला की चालू करायलाही मला शर्नेल लागते.

मी म्हटलं, "बाळा, ते चित्र एकदा मला नीट दाखव. मी केलं म्हणायचं तर माझ्या नजरेखालून तरी जायला हवं."

"फोन त्यांच्याकडे आहे," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासली होती.

रविवार, १० ऑगस्ट

देवळातली मिस्सा झाल्यावर फिलोमेनकडे गेले. ते चित्र तिच्या फोनवर आहे, सगळ्यांच्याच फोनवर आहे. चष्मा काढला, दोरा सारखा केला आणि लावला. फिलोमेन म्हणाली, "तितीन, नको बघूस गं."

नदी होतीच. नदीत एक बाई उभी होती. तिच्या अंगावर धागा नव्हता. आणि त्या परक्या अंगावर लिंडीचं डोकं बसवलेलं, हसरं. ते हसू मी ओळखलं. गेल्या नाताळात माझ्याच ओसरीवर काढलेला फोटो, माझ्या निळ्या झडपांसमोर, मी आल्याचा केक कापत होते आणि लिंडी नि शर्नेल गळ्यात गळे घालून उभ्या होत्या. लिंडीच्या मानेजवळ अजून चार बोटं दिसतात. ती शर्नेलची. ती कापायची राहून गेली.

खाली माझं नाव, मोठ्या अक्षरात. वाचायला मला लिंडीनंच शिकवलंय.

मी तडक युडोक्सीकडे गेले. चार घरं पलीकडेच राहते ती. ती दारात कच्ची केळी सोलत बसली होती. खुर्ची दिली नाही तिनं मला. चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही. नवरे गेले तेव्हासुद्धा आम्ही एकमेकींना आधी खुर्ची दिली होती.

"गाण्याचं बोलायला आलीस तर बोलू नकोस," ती म्हणाली. "तू मला फुटकं घंगाळ म्हणालीस, मी तुला आंधळी कोंबडी म्हणाले. रुसले का मी? गाणं बैठकीत म्हणतात, सकाळी विसरतात. हे कोण विसरणार? शाळेतल्या पोरांच्या खिशात आहे हे. सप्टेंबरात शाळा उघडेल तेव्हा यायची घाई करू नका, असं सांगितलंय लिंडीला. अकरा वर्षं शिकवतेय ती तिथे."

"युडो, मला चित्र माहीत नव्हतं गं."

"गाणं माहीत होतं ना?"

आतून लिंडी आली. किती वाळलीय! मला तिनं नेहमीसारखंच "मा तितीन" म्हटलं, तेच जास्त लागलं. "नदीवर मी गेलेच नव्हते. आईचं औषध आणायचं होतं, बस गेली होती, केर्विननं दवाखान्यापर्यंत सोडलं. त्या दिवशी एवढंच झालं. तुम्ही एकदा मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. न्यूयॉर्कला कळवलंत, मला नाही विचारलंत."

दारात पडलेली केळ्यांची सालं मी गोळा करायला लागले. 

"पोलिसांत मीच गेले," ती म्हणाली. "आई नको म्हणत होती, तुमच्यापायी."

घरी आले तर शर्नेलनं जेवण वाढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "लिंडी नदीवर गेली नव्हती."

"मला कुणीतरी सांगितलं होतं."

"कुणी?"

ती म्हणाली, "त्याच्या गाडीतून उतरताना मी तिला बघितलं. हसत होती." आणि ताट तसंच टाकून उठली.

बुधवार, १३ ऑगस्ट

लिहावंसं वाटत नाही. अक्षरं बघितली की लिंडीचा हात आठवतो, माझ्या हातावर ठेवून गोल काढून घ्यायची. माझा हात थरथरला की म्हणायची, घाई कुठे आहे आपल्याला.

शर्नेलच्या खाटेखाली पिशवी भरून ठेवलीय. मार्टिनिक बेटावरच्या मावशीकडे जायचं म्हणते, बोटीचं बघते. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

रविवार, १७ ऑगस्ट

काल बैठकीला गेले. ठरवून गेले. आमच्यात आपणहून उभं राहून न्यायाधीशाला म्हणता येतं, माझा न्याय करा. मनात म्हटलं, युडोक्सीची खिडकी समोरच आहे, जे गाऊन पसरवलं ते गाऊनच मागे घ्यावं, गावादेखत.

गुलाब लावला नाही. अँसेल्मनं लगेच धरलं, कोट आला होता त्याचा. मी म्हटलं, "फुलाचं राहू दे. माझा मोठा गुन्हा आहे." सगळे खुशीत आले, खुर्च्या पुढे ओढल्या. न्यायाधीशानं, एरवी तो मासे विकतो, कापसाचा टोप सारखा केला. "बोल, आरोपी!"

मी सांगितलं. सरळ सांगितलं, की लिंडीचं गाणं खोटं होतं, मी न विचारता रचलं, आणि त्याखालचं चित्र पाहून मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. आवाज कापत होता.

"काय कापतेय बघा!" कोणीतरी ओरडलं. "काय बाई सोंग आणते!" आणि हशा. राणीनं पंख्यानं तोंड झाकलं. मी म्हटलं, हसू नका, खरं बोलतेय. तर आणखी हसले. डोळ्यांतून पाणी आलं तशा टाळ्या पडल्या.

मग मी गायले.

बाई नव्हती नदीवर, झगा नव्हता झाडावर,
खोटं होतं ओठावर, थुंका माझ्या तोंडावर.

झिलकऱ्यांनी ते तिथल्या तिथे उचललं. "थुंका, थुंका!" म्हणत नाचायला लागले, ढोलही घुसला त्यात. यंदाचं सगळ्यांत झकास गाणं म्हणे! न्यायाधीशानं एक बाटली रम दंड केला. अँसेल्म तेवढा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मा तितीन, बसा." त्यानं मला दाराआडच्या खुर्चीवर नेऊन बसवलं आणि स्वतः माझ्यासमोर उभा राहिला, लोकांना मी दिसू नये म्हणून.

त्या दिवशी मी खऱ्या पोलिसांना हसले. काल माझ्या खऱ्याला सगळे हसले. कुणाला बोल लावू?

खुर्चीवरून युडोक्सीची खिडकी दिसत होती. उघडी होती. गाणं संपेपर्यंत कुणी ती लावली नाही. एवढंच. आणि पायरीवर शर्नेल होती. ती हसत नव्हती. कधी आली कोण जाणे.

बुधवार, २० ऑगस्ट

आज इस्त्रीचे कपडे काढले. माझा पांढरा ब्लाउज, देवळातला. शर्नेल म्हणाली, दे, मी करते. इस्त्री तापत होती तेवढ्यात म्हणाली, "उद्या काय सांगणार आहेस?"

"पहिल्यांदा सांगितलं तेच. तेव्हा हसत सांगितलं, उद्या न हसता सांगेन."

"म्हणजे माझं नाव."

"आधी माझं. गाणं माझं, आवाज माझा, एका शब्दानं विचारलं नाही ते मी. मग चित्राचं विचारतील, तेव्हा तुझं. बाळा, मी पाठ करून बघितलं ना, मला जमत नाही. आणि जमलं असतं तरी लिंडीच्या मानेजवळची ती चार बोटं माझी कशी म्हणू? माझी सुरकुतलेली आहेत." थांबून मी म्हटलं, "तुरुंग झालाच तर दर रविवारी मासा घेऊन येईन."

बराच वेळ ती ब्लाउजच्या एकाच बाहीवर इस्त्री फिरवत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "आजी, ते पान मी तुझ्या नावानं का काढलं, ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे की! म्हातारीचं नाव व्हावं म्हणून. नाहीतर तू शिकलेली, स्वतःच्या नावानं काढलं असतंस, तुला कोण अडवणार होतं? मी फिलोमेनला शंभरदा सांगितलंय, नात असावी तर अशी, स्वतः मागे राहते आणि आजीला पुढे करते."

एवढं ऐकलं आणि पोर मटकन खाली बसली. लहानपणी ताप भरला की रडायची तशी रडली, श्वास घेता येईना. माझं काय चुकलं बोलण्यात मला कळेना. पाठीवर हात फिरवत बसले. म्हटलं, "दूदू, माझ्या बाळा, घाबरू नकोस, मी आहे ना." तर आणखीच रडली. इस्त्री मीच बंद केली, नाहीतर ब्लाउज गेला होता.

मग तिनं तोंड धुतलं. खाटेखालची पिशवी ओढली, त्यातून तिचा कामावरचा पांढरा सदरा काढला, चुरगळला होता. इस्त्री पुन्हा लावली. कॉलर केली, बाह्या केल्या, नीट वेळ घेऊन, आणि माझ्या ब्लाउजशेजारी खुंटीला टांगला. पिशवीतलं बाकीचंही एकेक काढून कपाटात ठेवलं. "चित्राचं तू बोलू नकोस," ती म्हणाली. "ते मी बोलेन."

नंतर ती बाहेर गेली. मी दारातून बघत होते. चार घरं पलीकडे थांबली, युडोक्सीच्या फाटकावर हात ठेवून उभी राहिली बराच वेळ, आणि तशीच परत आली. मी काही विचारलं नाही. कधी विचारायचं आणि कधी नाही, हे मला या वयात शिकावं लागतंय.

दंडाची बाटली अँसेल्मकडे पोचवली. घरात रम ठेवलेली नाही. नीरफणस तेवढा काढून ठेवलाय, उंच गड्याला आवडला होता. चष्म्याला नवा दोरा बांधला, उद्या लोकांत लावणार आहे.

कॅस्ट्रीजची माणसं गुरुवारी परत येतो म्हणाली होती. उद्या गुरुवार.